हेझलची फांदी

झिमझिम पावसात तळ्याकाठी एक परका तरुण आमच्या हुनिधच्या गाईंना गोष्ट सांगत होता, तीही अगदी हातवारे करून.

"...नवऱ्याच्या हातून लगाम निसटला, त्याचं लोखंड तिला लागलं, आणि ती तळ्यातली बाई पाण्यात परत गेली. पऱ्यांना लोखंड सोसत नाही ना."

"गाईंना पटलेलं दिसतंय," मागून हुनिध म्हणाली. "मला नाही पटत."

तो दचकला. कादिवोर त्याचं नाव, उत्तरेकडच्या मोन बेटावरचा कथेकरी. आमच्या सरदारानं हिवाळ्यापुरता बोलावलेला, आणि आल्या आल्या ही फजिती.

"का नाही पटत?"

"परी कुठली ती? परी केली पाद्र्यांनी. ती या तळ्याची देवी होती. जुने लोक तिला लोखंडच वाहायचे... तलवारी, कढया. ती काय लोखंडाला घाबरेल?"

"मग गेली का?"

"अंगावर लोखंड आलं. तिला वाटलं, नवऱ्यानं पूजा करून आपली बोळवण केली. गेली बिचारी."

तो बघतच राहिला. "ही गोष्ट मी चोरणार हं."

"चोरा. पण सांगताना माझं नाव घ्या. हुनिध."

"नुसतं सांगताना? की... उठता-बसता?"

ती गाईंकडे वळली. कान मात्र लाल झाले.

मग काय, हिवाळाभर कथेकऱ्याला गाईंचा भारी पुळका. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. हुनिधच्या बापाला कळत होतं. पाणचक्कीवाल्या मायरिगकडून मागणी आली होती. बाप हुनिधला म्हणाला, "वसंताच्या सणाला मी मायरिगला शब्द देणार. त्याआधी कथेकऱ्यानं विचारलं तर माझी ना नाही. पण त्यानं विचारायला हवं."

हिवाळा सरला. कादिवोर परत निघाला त्या सकाळी हुनिध भूर्जाच्या डहाळ्यांचं कडं विणून तळ्यावर गेली. आमच्याकडे भूर्जाचं कडं म्हणजे होकार. ते तिनं पाठीमागे लपवलं होतं. आधी त्यानं बोलावं, एवढीच इच्छा.

आणि हा एवढा बोलका गडी, नेमका तेव्हाच मुका झाला. त्यानं हेझलची एक फांदी पुढे केली, पिवळे तुरे लोंबणारी.

"हे घे... यातच सगळं आलं. समजून घे."

हुनिधचा चेहरा उतरला. "समजलं," ती म्हणाली.

तेवढ्या एका शब्दावर तो मोनपर्यंत गात गेला म्हणे. इकडे कडं चुलीत गेलं, आणि सणाला बापानं मायरिगला शब्द दिला. मला विचाराल तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटतो. पण धपाट्यानं काय होणार आता?

पुढच्या हिवाळ्यात कादिवोर आला तो थेट चक्कीवर. हुनिधनं ओटची भाकरी आणि ताक पुढे ठेवलं. मायरिग आत धान्य ओतत होता. माणूस वाईट नाही तो.

"फांदी घेतलीस ना तू," कादिवोर हळूच म्हणाला. "मग थांबली का नाहीस?"

"हेझल देऊन थांब म्हणतात होय? हेझलला आपल्या भाषेत काय म्हणतात?"

"कोल."

"आणि गमावण्याला?"

"...कोलच." त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, आमच्या बेटावर हेझल म्हणजे शहाणपणाचं झाड. कथेकरी ती फांदी जन्मात एकदाच देतो, जिला सगळं द्यायचं तिला."

"आमच्याकडे नाकारलेल्याच्या हातात देतात."

कादिवोरनं घास परत थाळीत ठेवला.

"माझी गोष्ट सांगतोस अजून?" तिनं विचारलं. "तळ्यातल्या बाईची?"

"गावोगाव. तुझं नाव घेऊन."

"त्यात ती नवऱ्याला विचारते का रे, लगाम का फेकलास म्हणून?"

"नाही. तशीच जाते."

"विचारायला हवं होतं तिनं," हुनिध म्हणाली, आणि त्याच्या वाटीत आणखी ताक ओतलं.