आधी डॉक्टरांचे दात

दवाखान्याच्या दारातच दादाने बसकण मारली. ऐन वाटेत, थेट फरशीवर. आता हत्ती लावून ओढलं तरी तो उठणार नाही, हे छोटीला पाठ होतं.

"दादा, नुसतं दाखवायचं रे…"

दादाने ओठ घट्ट मिटले. पस्तिशीतला, भला दांडगा तिचा भाऊ. जन्मापासून बोलणं-शिकणं सगळं सावकाश, आणि तोंडाजवळ परका हात आला की कुलूप. दाढ ठणकत होती, जेवण सुटलं होतं. आधीच्या दवाखान्यांत सांगितलं होतं — हातपाय धरा, नाहीतर पूर्ण भूल द्या. दादाचं हृदय नाजूक. भूल म्हटलं की छोटी त्याला घेऊन परत फिरायची.

शेजारी कुणीतरी येऊन मांडी घातली. विस्कटलेले केस, दुमडलेल्या बाह्या.

"तुम्हीही पेशंट का?" ती म्हणाली. "सांभाळा हं. हे डॉक्टर लोक आधी बांधतात, मग बघतात."

"असं?" तो गंभीरपणे म्हणाला. "मला तर अजून कुणी दोरीच दिली नाही."

आतून कुणीतरी त्यालाच 'डॉक्टर' म्हणून हाक मारली, आणि छोटीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डॉक्टरांनी दादाच्या हातात छोटा आरसा दिला आणि स्वतःच आ केला. "आधी माझे बघा, दादा."

दादाने बघितले. चांगले निरखून. मग निकाल दिला, "पिवळे."

"चहा," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

त्या दिवशी एवढंच. पुढच्या खेपेला दादा खुर्चीपर्यंत गेला, मग कधीतरी खुर्चीत बसला… आणि एका दुपारी, छोटीचा हात धरून, तेवढीच जागा बधिर करून, दाढ निघालीसुद्धा.

जखम भरल्यावर ती दोघं शेवटचं दाखवायला आली. छोटी आनंदात होती, पण मन उगाच खट्टू… आता यायला निमित्त कुठलं?

"हिरड्यांतून रक्त येतंय अजून," डॉक्टर जरा घाईनेच म्हणाले. "घरी यांचे दात कोण घासतं?"

"मीच. समोर उभी राहून."

"तिथेच चुकतंय. समोरून ब्रश आला की चाल करून आल्यासारखं वाटतं त्यांना. मागे उभं राहायचं. थांबा, मीच बसतो. माझे घासून दाखवा."

"तुमचे?"

"शिकवायची माझी पद्धतच आहे ती. सगळ्यांना असंच शिकवतो." कान मात्र लाल झाले होते.

छोटी मागे उभी राहिली. डॉक्टरांचं डोकं तिच्या दंडाशी टेकलं, हनुवटी तिच्या तळव्यात आली. समोर दादा परीक्षक होऊन बसला होता.

"मागचे," त्याने फर्मावलं.

तोंडात ब्रश असलेल्या माणसाशी बोलणं फार सोपं असतं, हे छोटीला तेव्हा कळलं.

"मी आवडले ना, की लोक एकच विचारतात… भावाचं पुढे काय? मी सांगते, माझ्याबरोबर. मग कुणी परत येत नाही." ती थांबली. "तुम्हालाही सांगून ठेवते. उगाच नंतर नको."

"अं… ऊं…"

"हलू नका."

त्याने हळूच तिचा हात बाजूला केला. चूळही भरली नाही.

"तुम्हाला विचारायचं कधीचं मनात आहे," तो फेसाळल्या तोंडाने म्हणाला. "पण रीतीने आधी थोरल्यांना विचारायला हवं." मग दादाकडे वळून, "दादा, रविवारी तळ्यावर फिरायला याल माझ्याबरोबर?"

दादा उठला, खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि डॉक्टरांच्या हनुवटीवरचा फेस निगुतीने पुसला.

"येतो," तो म्हणाला. "छोटीलाही आणतो."