मागावरच्या साडेतीनशे गाठी

कन्ना चौकात वळताना वैष्णवीच्या स्कूटीवरचं गाठोडं सुटलं आणि साठ टॉवेल भर रस्त्यात लोळले. वरून पाऊस भुरभुरत होता, मागून रिक्षावाले हॉर्न बडवत होते. कोणावर चिडावं हे ती ठरवते न ठरवते तोच एक उंच, उन्हानं रापलेला तरुण मोटारसायकल बाजूला लावून टॉवेल गोळा करू लागला.

"गाठ कच्ची होती," दोरी हातात घेत तो म्हणाला.

झालं! जिच्या घरी तीन पिढ्या माग चालतोय, त्या पद्मशाल्याच्या पोरीला हा गाठ शिकवणार!

"काय ओ, तुमी गाठींचे डॉक्टर हाय का?"

"जहाजावर असतो," तो हसला. "दिसभर दोरखंडच बांधतो. ही बगा, कितीबी ओढा, सुटणार न्हाय. आन् हितनं ओढलं की..." गाठ अलगद उलगडली.

"सुटणारी गाठ काय कामाची?"

"जहाजाला बंदरातनं निघावं लागतं की."

त्यानं ते सहज म्हटलं. वैष्णवीला मात्र, का कोण जाणे, ते मुळीच आवडलं नाही.

अजिंक्य त्याचं नाव. माढ्याकडचा, ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. ज्या जिल्ह्यात समुद्र औषधालाही नाही, तिथून हा गडी थेट बोटीवर गेला होता. सुट्टीचे अठरा दिवस उरले होते, मग आठ महिने पाणीच पाणी. दोन दिवसांनी तो तिच्या घरच्या टॉवेलांच्या दुकानात नॅपकिन घ्यायला आला. मग पुन्हा आला. मग पुन्हा...

"एका जहाजावर इतकी माणसं तोंड पुसतात?" तिनं विचारलं.

"लई घाम येतो तिकडं."

एकदा तिनं विचारलं, जहाज पळतं किती? तो म्हणाला, ते गाठींत मोजतात. पूर्वी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडायचे आणि ठरलेल्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. दोर गेला, पण वेगाला अजून गाठीच म्हणतात.

"आमच्यात मागावर एका वेळी हजार गाठी मारतात," वैष्णवी तोऱ्यात म्हणाली. "आन् टॉवेलात एक तरी दाखवा!"

तिला तो आवडला होता. आरशासमोर जास्त वेळ लागू लागला तेव्हाच तिला ते कळलं होतं. पण तो बोलत नव्हता. बोलला नाही तर आठ महिने गेले, आणि बोलला तरी आठ महिने आहेतच, हा हिशेब तिला रोज छळत होता. रविवारी त्याचं विमान होतं.

गुरुवारी मागावर नवा बीम, उभ्या धाग्यांचा रूळ, चढला. म्हणजे जुन्या ताण्याच्या प्रत्येक धाग्याला नव्या ताण्याचा धागा हातानं जोडायचा. हे काम करणारा शिवलिंगप्पा मैंदर्गीला लग्नाला गेलेला आणि नान्ना, तिचे वडील, सूत आणायला बाहेर पडलेले. उजवीकडून वैष्णवी एकटीच बसली होती. तेवढ्यात अजिंक्य आला.

"गाठीच मारायच्यात ना? द्या, डावी बाजू माझी."

तो बसला. चांगले चार तास बसला. ती अधूनमधून बघत होती. पण ती त्याच्या हातांकडे बघत नव्हती, आणि घोटाळा तिथंच झाला.

संध्याकाळी नान्नांनी, म्हणजे नरसय्यांनी, माग चालू केला. तडातड, तडातड... डावीकडचे धागे ओळीनं तुटत गेले. जहाजावरची ती दणकट, टपोरी गाठ! मागातल्या सुईच्या नाकाएवढ्या भोकातून ती जाणार कशी? साडेतीनशे धागे एका मिनिटात वाया.

नरसय्यांनी माग बंद केला. अजिंक्यकडे एकदा, मुलीकडे एकदा पाहिलं, आणि चहा प्यायला निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी मागाच्या शेडमध्ये आली, तर अजिंक्य आधीच चवड्यावर बसलेला.

"शिकवा," तो म्हणाला.

तिनं त्याची बोटं धरून शिकवलं. दोन टोकं शेजारी, अंगठ्याखाली वेटोळं, हलकं ओढायचं. तिच्या दहा होईस्तोवर त्याची एक होत होती, पण ती एक मात्र बारीक, दिसेल न दिसेल अशी. पाऊस पत्र्यावर वाजत होता. दुपार झाली, तरी तो उठेना.

"आई वाट बघत असतील की माढ्याला," वैष्णवी हळूच म्हणाली. "दोनच दिवस ऱ्हायलेत."

"आईला सांगून आलोय."

"काय म्हणून?"

त्यानं पुढचा धागा उचलला. "की... वैष्णवीला विचारायला चाललोय."

तिच्या हातातला धागा सुटला.

"मग विचारलं का न्हाय?"

"कालच विचारणार होतो. पण तुमच्या नान्नांचं एवढं नुकसान करून कुटल्या तोंडानं विचारू? म्हटलं, आधी हे भरून देतो. मग... आठ महिने नसतो मी. खोटं कशाला सांगू. चार महिने असतो. ह्यात जमतंय का बगा. सवडीनं सांगा, आल्यावर—"

"आल्यावर?" ती उसळली. "आठ महिने मी थांबायचं, ते थांबते की! पण तुमाला उत्तरासाठी कशाला थांबवू? हो. ऐकलं? हो!"

मागाच्या पलीकडून कोणीतरी खाकरलं. तेलाची डबी हातात घेऊन नरसय्या उभे राहिले. किती वेळ खाली बसून तेल घालत होते, देव जाणे. दोघांचेही चेहरे पांढरेफटक.

नरसय्यांनी वाकून डावी बाजू बघितली. एका गाठीवरून नख फिरवलं, दुसरीवरून फिरवलं.

"किती ऱ्हायलेत?"

"ऐंशी," अजिंक्य कसाबसा म्हणाला.

"ते शिवलिंगप्पा येऊन करेल." त्यांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला. "रविवारी जायलाव म्हणं तू. मग तुझ्या आईला कधी विचारू मी? चल, काढ गाडी." मग ते लेकीकडे वळले. "अम्मा, तूबी चल."