सुई येईपर्यंत

शरद ऋतूत एक दिवस असा असतो, की जपानमधल्या मात्सुमोतो शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत कुणी सुई हातात घेत नाही. मागच्या आवारात एक दगड आहे. त्याच्यासमोर शेवंतीची फुलं ठेवायची, वर्षभरात आमच्या हातून मेलेल्या उंदरांसाठी मान लववायची आणि मग सगळ्यांनी डबे उघडायचे. मला यातलं डब्यांचं तेवढं पटतं.

त्या वर्षी नेमक्या त्याच सकाळी पेशी आल्या. उंदरांच्या जखमी हृदयात टोचायच्या, संध्याकाळपर्यंतच टिकणाऱ्या. काशिवागी-सान माझे वरिष्ठ. त्यांच्या मिओरीचं, तिसरीतल्या मुलीचं, हृदय असंच दुबळं होतं. हा उपचार साधला नाही, तर तिच्यासाठी दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"फुलं आपण आधीच वाहू," ते म्हणाले. "माफी आगाऊ मागून ठेवली की झालं."

"आणि सरांना कळलं तर?" मी विचारलं. सर म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख.

"सर दुपारी भाषण करणार. तेव्हा ते सोडून सगळे झोपलेले असतात."

मी हसले. दगडासमोर मात्र ते बराच वेळ वाकून राहिले. त्यांचं पुटपुटणं मला ऐकू आलं. "आज जरा स्थिर राहा. माझ्या मिओरीसाठी मागतोय."

काम नाजूक. उंदीर गुंगीत उताणा, छातीवर जेल, त्यावर सोनोग्राफीचा प्रोब मी धरायचा. पडद्यावर करडं हृदय धडधडतं, बाजूने सुईची पांढरी रेघ येते आणि दोन ठोक्यांच्या मधे काशिवागी-सान टोचतात. केसाएवढं चुकलं की उंदीर गेला. एरवी बरेच जातात.

पहिल्या उंदराजवळ सुई आली आणि हृदय थांबलं. मला वाटलं, गेला. सुई आत शिरली, पेशी सोडल्या, सुई बाहेर आली. मग ठोके पुन्हा सुरू झाले.

गुंगी जास्त झाली असेल म्हणून मी ती कमी केली. दुसऱ्याचंही थांबलं. तिसऱ्याचं तर सुई दिसायच्या आधीच. मी मशीन बंद करून पुन्हा लावलं. मला भीती वाटत होती, पण काशिवागी-सान थांबायला तयार नव्हते. खाली आवारात सरांचं भाषण चालू होतं.

एकही उंदीर मेला नाही. पुढे सगळ्यांची हृदयं सुधारली. आम्हाला फार आनंद झाला. त्या थांबण्याबद्दल आम्ही कुणाजवळ बोललो नाही, एकमेकांजवळही नाही.

हिवाळ्यात मिओरीची नेहमीची तपासणी होती. तिची आई माहेरी गेली होती, म्हणून मी सोबत गेले. डॉक्टरांनी दिवा मंद केला आणि तिच्या छातीवर प्रोब टेकवला. पडद्यावर तिचं हृदय चालताना दिसलं. मला बरं वाटलं.

मग ते थांबलं.

डॉक्टर मशीनच्या बटणांशी खटपट करू लागले. काशिवागी-सान उठून उभे राहिले.

मिओरी शांत पडून होती. तिने वडिलांकडे मान वळवली.

"बाबा, लवकर टोचा ना," ती हळूच म्हणाली. "किती वेळ धरून ठेवू?"