मागे आहेस ना?

पानिपतच्या काला अंब स्मारकासमोर सुगत गेली वीस मिनिटं मोटरसायकलवर चढत होता आणि उतरत होता. चढताना चेहरा गंभीर, उतरताना आणखी गंभीर. मोबाइल काठीला लावलेला. चौदा महिन्यांच्या प्रवासाचा शेवटचा दिवस, म्हणजे शेवटचा व्हिडिओ. त्याची बायको श्रावस्ती तोवर कॅम्परच्या सहाही टायरांवर लाकडी दांडका मारून आवाज ऐकत होती. मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर जरा बसका वाजला. तिने पंप लावला, हवा भरली, परत दांडका मारला. आता बरोबर वाजला.

“झालं का तुझं?” ती ओरडली. “पानिपतात आपण एकदा हरलोय. अजून किती वेळ उभं राहायचंय?”

“धुकं बघ ना यार, काय भारी येतंय फ्रेममध्ये!”

“तेच धुकं पुढे रस्त्यावर बसलंय.”

कॅम्पर म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा उपटून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवलेली. नाव हत्तीण. एकवीस राज्यं, नेपाळ, भूतान. अडतीस हजार किलोमीटर. त्यातला एकेक किलोमीटर श्रावस्तीने चालवला होता. तीन टनांचं ते धूड तिने स्पितीच्या कड्यांवरून नेलं, ब्रह्मपुत्रेच्या फेरीबोटीवर उलटं चढवलं. सुगत पुढे बाइकवर. बाइकवरचा माणूस फोटोत चांगला दिसतो, म्हणून जगाच्या लेखी प्रवास त्याचा. ही म्हणजे मागून सामान घेऊन येणारी.

आदल्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. भाऊसाहेब हे दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, केंद्र सरकारातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. फ्लेक्सवर सुगत, हेल्मेट काखेत. खाली लाल अक्षरं: ‘एकट्याने चौदा महिने! जाहीर सत्कार, रविवार दुपारी बारा, सोसायटी हॉल.’

एकट्याने. श्रावस्तीने तो शब्द तीनदा वाचला. मग तिने भांडी घासली, आणि इतक्या जोरात घासली की सुगत बाहेर जाऊन बसला.

“मी नाही सांगितलं त्यांना तसं,” तो बाहेरूनच म्हणाला.

“नाही असंही नाही सांगितलंस.”

तिने तेव्हाच ठरवलं. उद्या आधी ती पोहोचणार. चौदा महिने मागे राहिली ती. सत्काराच्या हॉलमध्ये पहिलं पाऊल तिचं पडणार आणि माइक पहिल्यांदा तिच्या हातात असणार. एवढंच हवं होतं तिला, आणि ते ती घेणार होती.

तसं जमण्यासारखंही होतं. दिल्लीची हवा नेहमीप्रमाणे सडली होती आणि हत्तिणीसारख्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी होती. भूतानने आत घेतलेली गाडी स्वतःच्या घरी जाऊ शकत नव्हती! म्हणून श्रावस्तीने कुंडलीहून पेरिफेरल एक्स्प्रेसवे धरायचा, यमुना ओलांडायची, डासन्याला वळून नोएडाच्या सेक्टर बासष्टला गाडी लावायची आणि पुढे मेट्रो. त्या एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, म्हणून सुगतने जीटी रोडने सरळ शहरात शिरायचं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच दोघं दोन रस्त्यांनी जाणार होती.

त्यांची एक पद्धत होती. सुगतच्या हेल्मेटमध्ये एक इंटरकॉम, दुसरा श्रावस्तीच्या समोर, काचेच्या वर चिकटवलेला. पुढचा माणूस दिसतं तेवढंच सांगणार: डावीकडे खडी, समोर म्हैस, उतार संपला. काय करायचं ते चालवणारी ठरवणार. हा नियम श्रावस्तीचा. काझाच्या अलीकडे एका नाल्यात सुगत “ये, ये, निघेल” म्हणाला होता आणि हत्तिणीचं मागचं चाक दरीवर लटकलं होतं. त्या दिवसापासून ‘ये’ या शब्दावर बंदी. दर दहा मिनिटांनी सुगत विचारणार, “मागे आहेस ना?” तिने म्हणायचं, “आहे.” आणि इंटरकॉम बंद पडला तर हात: मूठ वर म्हणजे जागच्या जागी थांब. का, ते नंतर विचार.

कुंडलीला साडेआठ वाजता दोघं वेगळी झाली. सुगतने हात हलवला आणि धुक्याने त्याला गिळलं. इंटरकॉमचा पल्ला डबीवर दीड किलोमीटर लिहिलेला, खरा आठशे मीटर. दोन मिनिटांत खरखर थांबली. श्रावस्तीने तो बंद केला नाही, नुसती विसरली.

एक्स्प्रेसवेवर धुकं दुधासारखं नव्हतं, पोत्यासारखं होतं: मळकं, ओलं, जळक्या वासाचं. बॉनेटच्या पुढे तीन पांढरे पट्टे दिसायचे, चौथा नाही. तिने काच दोन बोटं खाली घेतली, गाणी बंद केली आणि चाळीसवर गाडी ठेवली. टायरांचा आवाज, वायपरचा आवाज. टाकीत पाणी हिंदकळत होतं. छान चाललं होतं. आपण पुढे कुणी नसतानाही चालवू शकतो, हे तिला माहीत होतंच. आज अंगाला कळत होतं.

बरीच पुढे आल्यावर समोरची डबी खरखरली.

“मागे आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली. सवयीने. मग तिचे कान तापले. “सुगत? तू एक्स्प्रेसवेवर घुसलास? अरे, बंदी आहे, चालान फाडतील! इतकी घाई आहे हार घालून घ्यायची?”

“डावीकडे खडी,” सुगत म्हणाला.

डावीकडे खडी होती. डंपरमधून सांडलेली, अर्धी लेन भरून. तिने आधीच उजवीकडे घेतलं होतं.

“थँक्यू. पण आधी मीच पोहोचणार, सांगून ठेवते.”

थोड्या वेळाने, “पुढे कंटेनर, हळू चाललाय.” कंटेनर होता. मग, “पूल सुरू.” सांध्यावर टायर धडधडले, खाली यमुना असणार, दिसत नव्हती. प्रत्येक गोष्ट बरोबर. आवाज सुगतचाच, शब्दाच्या शेवटी जरा नाकात जाणारा. तरी पुलावर असताना काहीतरी तिच्या मनात टोचायला लागलं, आणि पूल संपता संपता ते काय आहे ते तिला कळलं.

वारा नव्हता. चौदा महिने ती सुगतचा आवाज ऐकत होती तो वाऱ्यासकट, इंजिनाच्या ठोक्यांसकट. हा आवाज बंद खोलीतून येत होता. पांघरुणाखालून बोलावं तसा.

पुढे पेट्रोल पंप आला. श्रावस्तीने गाडी आत घेतली. टोपी कानांवर ओढलेला एक म्हातारा शेकोटीपाशी बसला होता.

“भैया, अभी कोई बाइकवाला निकला क्या इधर से? पीली जैकेट?”

“बाइक?” म्हातारा हसला. “मैडम, बाइक यहाँ चढ़ने ही नहीं देते. सुबह से तो ट्रक भी गिनती के निकले हैं.”

तिने गाडीत बसून सुगतला फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे हॉर्नचा कल्ला.

“कुठे आहेस?”

“सिंघू बॉर्डरलाच अडकलोय यार. एक ट्रक आडवा झालाय. चहा पितोय. तू?”

“सुगत, खरं सांग.”

“अगं खरंच! आलंवाला चहा पितोय, फोटो पाठवू?”

तेवढ्यात काचेच्या वरची डबी शांतपणे म्हणाली, “मागे आहेस ना?”

फोनमधला हॉर्नचा कल्ला तसाच चालू होता.

“कोण बोललं ते?” सुगतने विचारलं.

“तू.”

“श्रावस्ती, माझं हेल्मेट इथे सीटवर पडलंय. इंटरकॉम मी कुंडलीलाच बंद केला.” मग आवाज खाली आणून, “बंद कर ते. आत्ता.”

तिने बटण दाबून धरलं. हिरवा दिवा विझला. तिने डबी खरवडून काढली, मागे जाऊन डाळीच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. एखाद्याने आपल्या नवऱ्याचा आवाज चोरून आपल्याला रस्ता सांगावा याचा तिला भयंकर राग आला होता, आणि राग आला की तिचे हात नेहमी स्थिर होत.

पंपावर थांबता आलं असतं. पण पावणेदहा वाजले होते, आणि असल्या आवाजासाठी मागे राहायचं? तिने गिअर टाकला.

दुहाईची पाटी वरून सरकली. धुकं आणखी दाट झालं. आता दोनच पट्टे दिसत होते. ती पस्तीसवर आली. ती मोठ्याने बोलू लागली, स्वतःशीच, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. “डावीकडे कठडा. समोर पट्टा. समोर पट्टा.”

“मागे आहेस ना?”

डाळीच्या डब्यातून नाही. समोरून. काचेच्या वर जिथे गोंदाचा काळा चौकोन उरला होता तिथून.

श्रावस्तीने ओठ आवळले. दात दातांवर घट्ट बसवले. काही झालं तरी बोलायचं नाही.

“आहे,” श्रावस्तीचा आवाज म्हणाला.

तिचाच. किंचित कंटाळलेला, रोजचा. अडतीस हजार किलोमीटर दिलेलं तेच उत्तर.

तिची जीभ टाळूला चिकटलेली होती.

“रस्ता मोकळा आहे,” सुगतचा आवाज म्हणाला. “ये.”

ये.

“येते,” तिचा आवाज म्हणाला.

श्रावस्तीने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

हत्तीण किंचाळली. मागची भांडी पुढे आली. टाकीतलं पाणी भिंतीवर आदळलं. गाडी तिरकी झाली आणि थांबली.

बॉनेटच्या पुढे एक हात अंतरावर लोखंडी सळ्यांची टोकं होती. पंधरा-वीस टोकं, तिच्या छातीच्या उंचीवर, ट्रकच्या मागून बाहेर आलेली. ट्रक बिनदिव्याचा, बिनड्रायव्हरचा, मधल्या लेनमध्ये उभा. टोकांवर दव साचलं होतं. एक थेंब गळला.

“मी चालवते,” ती मोठ्याने म्हणाली. “मी ठरवते. समजलं?”

तिने चारी दिवे लावले, लाल त्रिकोण घेतला आणि कठड्याला धरून मागे साठ पावलं जाऊन ठेवला. हायवेच्या नंबरला फोन केला, ट्रकवाल्याला चार शिव्या दिल्या, परत आली, गाडी मागे घेतली, वळवून काढली. डासन्यापर्यंत धुकं विरळ झालं. सेक्टर बासष्टपर्यंत कुणी तिला काही सांगितलं नाही आणि कुणी काही विचारलं नाही.

साडेअकराला ती मेट्रोने मयूर विहारला पोहोचली. हॉलमध्ये शेवया-उपम्याचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजच्या मागच्या भिंतीला चिकटवलेला फ्लेक्स. तिने टेबलावरचा मार्कर उचलला आणि ‘एकट्याने’वर जाड रेघ मारली.

“अहो, अहो, श्रावस्तीताई!” भाऊसाहेब धावले. “कालच छापून आणलाय! आणि सुगतराव कुठेत?”

“मागे आहेत,” ती म्हणाली. “माइक चालू करा.”

सुगत बारा वाजून दहा मिनिटांनी आला, पिवळं जॅकेट, डोळे लाल. दारातूनच त्याने तिला शोधलं, ती दिसल्यावर भिंतीला टेकून श्वास सोडला आणि पहिल्या रांगेत बसला. हार त्याने घेतला नाही. भाऊसाहेबांच्या हातातून काढून तो तिच्याकडे पाठवला. ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या आई कमलाबाई सगळ्यांत जोरात वाजवत होत्या.

श्रावस्ती बोलली. मनात साठलं होतं ते सगळं बोलली. टायर कसे वाजवून बघायचे, तीन टनांची गाडी उतारावर कशी धरायची, आणि पुढे चालणाऱ्याचा फोटो निघतो म्हणून मागून येणारी माणसं सामान होत नाहीत. लोक हसत होते, खाली बघत होते, परत हसत होते. सकाळचं तिने काही सांगितलं नाही.

“आमची एक पद्धत होती,” शेवटी ती म्हणाली. “दर दहा मिनिटांनी हे मला विचारायचे,” आणि तिने सुगतची नक्कल केली, शब्द नाकात नेत, “मागे आहेस ना?”

ती हसली. पुढचा शब्द बोलण्याआधी तिने श्वास घ्यायला माइक खाली केला.

“आहे.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. “वा!” भाऊसाहेब म्हणाले. “अगदी हुबेहूब!”

श्रावस्तीने अजून तोंड उघडलं नव्हतं. तिच्या पाठीमागे तीन हातांवर फ्लेक्स होता आणि त्याच्या मागे भिंत.

पहिल्या रांगेत सुगत टाळ्या वाजवत नव्हता. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. हळूहळू, अजिबात घाई न करता, त्याने उजवा हात वर नेला आणि मूठ बंद केली.