निमुळत्या तुळईवरचं ओझं

एकोणीसशे छपन्नच्या हिवाळ्यात गंगाखेडजवळच्या एका गावात शाळेच्या नव्या खोलीचं काम चाललं होतं. भिंती झाल्या होत्या, पत्रे यायचे होते. आडवी सागवानी तुळई तेवढी बसवलेली. ती व्यंकटराव पाटलांनी आपल्या जुन्या गोठ्यातून काढून शाळेला दिली होती. एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळती होत गेलेली.

ओव्हरसियर दिनकररावांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. निमुळत्या अंगाला तुळई बोटभर वाकलेली होती. वर तर काहीच नव्हतं.

"सटवाजी, किडकं लाकूड घातलंस," ते सुताराला सगळ्यांदेखत म्हणाले.

सटवाजीनं माणसं लावून तुळई उतरवली. जमिनीवर ती सरळ होती. त्यानं रंधा मारला. आत लाकूड पिवळंधमक, निरोगी. परत चढवली तर परत तेवढीच वाकली. दिनकररावांना मान वर करवेना.

मग ते हट्टानं हिशेबाला बसले. हाताहातावर तुळईची उभी जाडी मोजली. जाडी निम्मी झाली की लाकडाचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो, म्हणून प्रत्येक हाताचा वाक वेगळा काढावा लागला. एवढं वाकायला तिथं किती ओझं टांगलेलं असावं, हे त्यांनी उलटं मोजत आणलं.

"सव्वा मण," ते काम बघायला आलेल्या व्यंकटरावांना मोठ्यानं म्हणाले. "एखादं माणूस लोंबकळावं तसं."

भोवतालचे लोक एकेक करून निघून गेले. व्यंकटरावही बाहेर पडले.

"काय झालं?" दिनकररावांनी विचारलं.

सटवाजी रंधा पुसत राहिला. "त्यांची सून हुती सायेब, दैवशाला. माहेरी धाडा म्हणायली हुती. न्हाई धाडलं. गोठ्यात, ह्याच तुळईला."

दिनकररावांचे कान तापले. चारचौघांत त्यांनी त्या पोरीचं वजन केलं होतं.

"उतरव तिला," ते कसंबसं म्हणाले.

सटवाजी शिडीवर चढला. ताणलेल्या दोरीपाशी थांबला.

"सायेब, सरळ झाली."

खरंच सरळ होती.

पाटलांची माफी मागायला दिनकरराव बाहेर आले. व्यंकटराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. मान खाली, अगदी कडेला, धोतर आवरून.

बाजेच्या दुसऱ्या टोकाला विणलेला सुंभ खोल दबला होता. तिथं कुणी नव्हतं.