शिवेपलीकडचा दिवा

"ओ! ओ मुंबईवाले! मागे फिरा!"

मी इतक्या जोरात ओरडले की कळशीतलं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. एक माणूस पऱ्याच्या वाहत्या पाण्यातल्या दगडांवर पाय देत देत आमच्या गावाकडे निघाला होता. खांद्याला शबनम, पँटला कडक इस्त्री. मुंबईचा आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तो मधल्या दगडावर थांबला. "मला हौसामावशीकडे जायचंय. गावात कोणी नाही का?"

"नाही!"

"म्हणजे... कोणीच नाही?"

"माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही. गावपळण आहे! हा पऱ्या म्हणजे गावाची शीव. पलीकडे पाऊल टाकलंत तर धोंडूतात्या तंगडं मोडून हातात देतील."

त्यानं गावाकडे पाहिलं. दारं बंद, कुठे चुलीचा धूर नाही. वाऱ्यानं कुणाच्या तरी गोठ्याचं झावळ्यांचं झाप आपटलं आणि पुन्हा सगळं गप्प झालं. मला तर तिकडे बघवत नव्हतं. आणि याचा चेहरा बघा – जत्रेत आल्यासारखा!

"अगदी हेच," तो पुटपुटला. "जग संपल्यावर असंच दिसत असणार."

"शुभ बोल रे नाऱ्या!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"नाऱ्या नाही," तो हसला, "सहदेव."

हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. मी घाईघाईनं कळशी उचलली. ती अर्धीच भरली होती, हे खोपीवर पोचल्यावर कळलं.

हे शहाऐंशी सालच्या मार्गशीर्षातलं. पावसच्या अलीकडे, कातळावर आमचं गाव. दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन शिवेबाहेर खोपी बांधून राहतं. परतीचा कौल होईपर्यंत गाव आपलं नाही. जे आपल्यातून गेले ते तेवढे दिवस घरांत नांदतात, असं म्हातारी माणसं सांगतात. त्यांच्यामध्ये जो जाईल त्याला पुढच्या पळणीपर्यंत गाव बंद. मग तो कुणी का असेना.

सहदेव गिरगावातल्या एका छापखान्यात होता. हौसामावशीचा भाचा, पण गावात पहिल्यांदाच येत होता; आता तिच्याच खोपीत उतरला. फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं घ्यायची आणि वाचत बसायचं, हा त्याचा नाद. सगळी एकाच विषयाची – अणुबाँब पडला, जग बुडालं, मूठभर माणसं उरली, पुढे काय? त्यावरून त्यानं एक खेळ रचला होता. नाव 'उरलेले'.

दुपारी काजूच्या झाडाखाली त्यानं कॅलेंडरची मागची कोरी बाजू पसरली. तिच्यावर नकाशा. सोंगट्या म्हणून काजूच्या बिया, आणि सापशिडीतला एक फासा. खेळायला मी, माझी मैत्रीण मालन आणि तिचा भाऊ बाळा.

"मी सांग्या," सहदेव म्हणाला. "मी सांगणार काय दिसतंय, तुम्ही सांगायचं काय करता. जमतं की फसतं, ते फासा ठरवेल. तर... जग संपलंय. चालून चालून पाय सोललेत. समोर एक रिकामं गाव आहे. काय करता?"

"आधी तांदूळ शोधते," मालन म्हणाली.

"जग बुडालं तरी हिला भूक!" बाळा खिंकाळला.

शेजारच्या खोपीतली तुळसाआजी मागे शेंगा सोलत होती. ती हसली नाही. "पोरांनो, हितं बोललेलं तितं ऐकू जातं," ती म्हणाली. "दुसरं कायतरी खेळा."

आम्ही कुठले ऐकतोय! सहदेव हळू आवाजात सांगत होता – बंद दारं, आतून हलल्यासारखी कडी, पायरीवर कुणाच्या तरी ओल्या पावलांचे ठसे... ऊन असूनही अंगावर काटा आला.

"राही, तू? तू काय करतेस?"

"तुम्ही" कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

"मी... माझ्या घरी जाते," मी म्हणाले. "तुळशीपुढे दिवा लावते."

आई श्रावणात गेली होती. तेव्हापासून तिच्या तुळशीपुढचा दिवा मी एकही संध्याकाळ चुकवला नव्हता. या पळणीतच पहिल्यांदा तुळस अंधारात होती.

सहदेवनं फासा टाकला नाही. बोटानं हळूच उलटला आणि सहाचा आकडा वर आणला. "लागला दिवा."

"ए, ही लबाडी आहे!" बाळा ओरडला.

"सांग्या मी आहे," तो म्हणाला. बघत होता माझ्याकडे.

तिन्हीसांजेला मी पऱ्यावरून पाणी घेऊन आले तर सगळी माणसं खोपींबाहेर उभी. मी गावाकडे पाहिलं. काळोख्या गावात एकच दिवा जळत होता. आमच्या अंगणात, तुळशीपुढे. वारा सुटला होता, पण ज्योत हलत नव्हती.

"कोन गेलं आत?" धोंडूतात्या गरजले. ते गावकर, त्यांचा शब्द शेवटचा.

मालन घाबरून बोलून गेली, "राहीच म्हणाली होती... दिवा लावते म्हणून..."

सगळ्या नजरा माझ्यावर. पाण्याला मी एकटीच गेले होते, साक्षीला कोण असणार? बाबांचा दमा तोंडचा घास गिळू देत नव्हता. मला गाव बंद झालं असतं तर त्यांना पेज कुणी दिली असती?

"माझी पोर नाय जायची," बाबा कसेबसे म्हणाले.

"मग दिवा काय आपसूक लागला?" तात्यांनी विचारलं.

"मी लावला," मागून आवाज आला.

सहदेव पुढे आला. मान खाली, पण आवाज ठाम. तात्या त्याच्याकडे वळले.

"पावण्या, सकाळची एस्टी धर. पुढच्या पळणीपर्यंत या शिवेत पाय ठेवायचा नाय."

सकाळी मी त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटभर भांडले.

"कुणी सांगितला होता शहाणपणा? आईसाठी लावलास, उपकार झाले. पण आता स्वतःच्या मावशीच्या घरी यायची चोरी!"

तो थांबला. "राही... मी नाही लावला."

"काय?"

"मला वाटलं, तू लावलास."

दोघंही वळलो. पऱ्यापलीकडे गाव कोवळ्या उन्हात निपचित पडलं होतं. सगळी अंगणं धुळीनं तांबडी. आमचं एकट्याचं काळंभोर, ओलं. नुकताच शेणसडा घातलेलं.

"भीती वाटते?" त्यानं हळूच विचारलं.

"आईची कसली भीती?" मी म्हणाले. पण माझा हात त्याच्या हातात होता, आणि तो थंडगार पडला होता. कुणाचा हात म्हणाल तर दोघांचाही.

"मग खोटं का बोललास?"

"तुला कुणी शिवेबाहेर काढलेलं मला बघवलं नसतं. तू... तू मला आवडतेस. काल पऱ्यावर ओरडलीस ना, तेव्हापासूनच."

कातळावरून एस्टीचा हॉर्न ऐकू आला. आणि हा येडा हसतोय!

"आता मुलगी बघायला येणार कसा तू?" मी रागानं विचारलं. "गाव बंद आहे तुला!"

"तेच म्हणतोय..."

"म्हणतोस काय, ऐक. मला काही बंद नाही. मी बाबांना घेऊन येते गिरगावात, मुलगा बघायला. पोहे तुला करावे लागतील."

"चहासुद्धा करतो," तो म्हणाला.

बाबांचा दमा जरा उतरल्यावर माघात आम्ही गेलो. तो खाली मान घालून बशा घेऊन आला. पोह्यांत मीठ अजिबात नव्हतं. बाबांनी तरी दोनदा मागून खाल्ले.