असंबद्ध

जमनाने निकालपत्राची नक्कल टेबलावर आपटली तसा स्वराज दचकलाच. फाशीच्या कैद्याची बायको रडत येईल अशी त्याची समजूत होती.

"मला रडायचं नाय, ताय," ती हेमालीला म्हणाली. "माजा रामा फासावर जानार नाय. पुडं हायकोर्ट हाय. त्याच्या आत चूक शोदा."

हेमाली मेहेर बोईसरात खासगी तपास करी. वकिली सोडून आलेला साताऱ्याचा स्वराज तिचा मदतनीस. त्याने निकाल मोठ्याने वाचला. गोकुळाष्टमीला दुपारी बारा वाजता सातपाटी बंदरालगतच्या अंगणात होडीमालक भाग्येश तरे यांचा खून. हत्यार, त्यांच्याकडे बांबू तोडणाऱ्या वारली रामाचा कोयता. एकमेव साक्षीदार, पुतण्या मितेश. 'कोयता चालवणे या जमातीच्या रक्तातच आहे, सुधारणा अशक्य.' शेवटी, 'आरोपीचा जबाब असंबद्ध.'

"बंगलेवाल्याने माणूस मारला तर त्याचं रक्त तपासतात का रे?" हेमाली फणकारली.

"पण साक्षीदार आहे ना," स्वराज पुटपुटला.

सातपाटीत तरे यांची शेजारीण झुंबर बोंबील वाळत घालत होती. "रामा कोयता बांबूत खोचून घरी जेवाया जायचा. कोनीपन घेईल. पोलिसांनी इचारलंच नाय."

मितेश कारखान्यात सुपरवायझर, बोलायला गोड. "एकटाच काकांची होडी घेऊन समुद्रावर गेलो होतो. बाराला बंदरात शिरलो आणि होडीतूनच रामाला वार करताना पाहिलं."

"समुद्रावर नेहमी जाता?"

"छे! मी बोईसरलाच वाढलो. काका गेले त्या वर्षी पहिल्यांदाच नारळी पौर्णिमेला आलो. भर दुपारी बंदर तुडुंब भरलेलं! तेव्हापासून नाद लागला."

"होडी कुठाय?"

"विकली. काका असते तर विकू दिली नसती."

हेमालीने पंचांग चाळले आणि पुढच्या अष्टमीला बारा वाजता सगळ्यांना बंदरावर बोलावले. इन्स्पेक्टरही आले.

खाडीत नुसता चिखल होता. होड्या कलंडून पडल्या होत्या.

"मितेशभाऊ, होडी आत आणून दाखवा."

मितेशचा चेहरा उतरला.

"पौर्णिमेला दुपारी भरती, अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. पाणी चढल्याशिवाय इथे होडी शिरत नाही," हेमाली म्हणाली. "तुम्ही सणाची एकच दुपार पाहिली आणि तीच साक्षीत घातली. होडीत नव्हतात, मग वार कुठून पाहिलात? अंगणातून. रामा जेवायला गेलेला, कोयता समोर खोचलेला आणि होडी विकायला काका आडवे."

"काका ऐकतच नव्हते..." मितेशच्या तोंडून निघून गेले. इन्स्पेक्टरांनी त्याचा दंड धरला.

"हे कोर्टात कुणालाच कसं सुचलं नाही?" स्वराज म्हणाला.

"एकाने सांगितलं होतं." हेमालीने निकालपत्रातले जबाबाचे पान उघडले. "'साहेब, त्या येळेला बंदरात पानीच नवतं.' हे रामाचे शब्द."

स्वराजला स्वतःची लाज वाटली. ते पान त्याने दोनदा वाचले होते.

जमनाने कागद हातात घेतला.

"आता हायकोर्टात लिवा, ताय. असंबद्ध कोन बोललं, ते."